जपानमधील शौचालये आणि नागरिकांचे कर्तव्य

जपानमध्ये गेलेल्या प्रवाशाला पहिला धडा घरातील शौचालयाच्या दारातच मिळतो. तेथे निराळ्या सपाता ठेवलेल्या असतात. त्या घालून आत जावयाचे व निघताना तेथेच काढून ठेवावयाच्या. जुन्या पद्धतीच्या शौचकूपावर उंचवट्याकडे तोंड करून उकिडवे बसावे लागते. तर १९८० साली बाजारात आलेल्या ‘वॉशलेट’मधून कोमट पाण्याची धार येते. टोकियोतील शिबुया भागात वास्तुविशारद शिगेरु बान यांनी २०२० साली पारदर्शक काचेची सार्वजनिक शौचालये उभारली. आत स्वच्छता आहे काय, कोणी दडलेले नाही ना, हे बाहेरूनच दिसावे, हा त्यामागील हेतू. आतून कडी लावताच काच अपारदर्शक होते. शौचालय बांधणे हे शासनाचे काम. परंतु मागाहून येणाऱ्यासाठी ते स्वच्छ ठेवून निघणे, हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य होय.