फिशपाँडच्या चिठ्ठ्या कोणी चाळायच्या?

इअरफोन लावलेत ना? आजचा विषय हसण्याचा आहे आणि थोडा अडचणीचाही. गॅदरिंगमधले फिशपाँड.

ज्यांच्या कॉलेजात हा प्रकार नसतो त्यांच्यासाठी आधी सांगते. गॅदरिंगच्या आधी आठवडाभर लायब्ररीबाहेर एक खोका ठेवतात. बहुतेक वेळा बुटांचाच, वर चिठ्ठी जाईल एवढी फट पाडलेली. कोणीही, कोणाबद्दलही, स्वतःचं नाव न घालता एक-दोन ओळी लिहून टाकायच्या. मग गॅदरिंगला त्या स्टेजवरून वाचतात. ज्याच्या नावाने चिठ्ठी निघाली त्याने पुढे यायचं आणि चिठ्ठीला शोभेल अशी भेट घेऊन जायची. गाजर, कंगवा, दुधाची बाटली, काहीही. जुन्या मंडळींकडे याला मस्त मराठी शब्द आहे, शेलापागोटे. शेला आणि पागोटं म्हणजे खरं तर मानाचा पोशाख, सत्काराला देतात तो. इथे सत्कारच चेष्टेचा!

माझं कॉलेज तालुक्याच्या गावातलं. बीए आणि बीकॉम मिळून चारशेच्या आसपास मुलं. निम्मी एसटीने येणारी. शेवटची गाडी साडेसहाची, त्यामुळे आमचं गॅदरिंग सकाळी दहाला सुरू होऊन पाचला आटपायचं. लाइट, डीजे असलं काही नाही. मंडपवाल्याचे दोन स्पीकर आणि मधूनमधून शिट्टी मारणारा माइक. पण फिशपाँडला हॉलमध्ये उभं राहायला जागा नसायची.

का? कारण छोट्या कॉलेजात सगळे सगळ्यांना ओळखतात. अर्थशास्त्राच्या सरांना एकदा चिठ्ठी आली होती, "सर, मागणी-पुरवठा तुम्हीच शिकवलात. तुमच्या तासाला सध्या पुरवठा जास्त आणि मागणी कमी आहे." सर स्वतः खुर्चीवरून उठून हसत होते. रोज उशिरा येणाऱ्या एका मुलाला, "आज एसटी वेळेवर आली, तरी हा उशिराच आला. म्हणजे इतके दिवस महामंडळ उगाच बदनाम झालं." आणि एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात काम टाळणाऱ्याला, "श्रमदानात श्रम आम्ही केले. याने आपल्या वाटणीचं काम दान केलं." हे कळायला त्या शिबिरात असावं लागतं, त्या एसटीत उभं राहावं लागतं. म्हणून ते आपलं वाटतं.

आता दुसरी बाजू.

मी एफवायला होते त्या वर्षी एसवायच्या एका मुलीच्या नावाने चिठ्ठी निघाली. साडी डे, ट्रॅडिशनल डे, निरोप समारंभ, तिन्ही दिवशी ती एकच साडी नेसून आली होती, त्यावर कोणीतरी लिहिलं होतं. शब्द मी इथे सांगणार नाही. हॉल हसला. ती पुढे गेली, भेट म्हणून साबणाची वडी घेतली, तीही हसली आणि जागेवर जाऊन बसली. सगळ्यांना वाटलं, छान, खिलाडूवृत्तीने घेतलं. पुढच्या वर्षी ती एकाही डेला आली नाही. गॅदरिंगलाही नाही. तास करायची आणि दुपारच्या गाडीने घरी. टीवायची परीक्षा दिली आणि गेली.

ती हसली होती, हे खरं. पण चारशे लोकांसमोर उभं केल्यावर माणूस दुसरं काय करणार? रडली तर "मस्करी कळत नाही." रागावली तर "भाव खाते." तिथे हसणं ही एकच मोकळी वाट असते. त्यामुळे समोरचा हसला म्हणजे त्याला चाललं, हा हिशोब चुकीचा आहे.

पुढच्या वर्षी फिशपाँड बंदच करायचे, असं स्टाफ मीटिंगमध्ये निघालं होतं. ते वाचवले आमच्या लायब्ररीच्या मॅडमनी. त्या म्हणाल्या, खोका माझ्या दारात असतो, तर चिठ्ठ्या माझ्यासमोर चाळा. तीन विद्यार्थी, एक सर आणि त्या स्वतः. मी त्या तिघांतली एक होते. नियम एकच. माणूस जे करतो त्यावर चिठ्ठी चालेल. माणूस जे आहे, किंवा त्याच्याकडे जे नाही, त्यावर चालणार नाही.

ऐकायला सोपं वाटतं ना? टेबलावर बसल्यावर कळतं. उशिरा येणं चालेल. तासाला घोरणं चालेल. दुसऱ्याच्या डब्यातलं लोणचं पळवणं तर चालायलाच हवं. पण रंग, उंची, बोलण्याची ढब, कोणत्या वस्तीतून येतो, वडील काय विकतात, हे बाजूला. मुलामुलींच्या जोड्या लावणाऱ्या चिठ्ठ्याही बाजूला, कारण तालुक्याच्या गावात ती बातमी एसटीच्या आधी घरी पोचते आणि एखाद्या मुलीचं कॉलेज बंद होतं. शंका आली की ज्याच्यावर चिठ्ठी आहे त्यालाच आधी विचारायचं. गंमत म्हणजे बरेच जण म्हणायचे, "वाचा की, भारी आहे!" निम्म्या चिठ्ठ्या बाद झाल्या, पण कार्यक्रम आधीपेक्षा जास्त रंगला. लोक नुसतं टोचून लिहायचे ते डोकं लावून लिहायला लागले.

आणि हे फक्त सभ्यतेपुरतं नाही बरं का. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. विद्यार्थ्याला लाज वाटेल, मानसिक त्रास होईल असं वागणं त्यात येतं, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. यूजीसीचे नियम २००९ चे. २०१६ मध्ये त्यांत दुरुस्ती होऊन रंग, जात, धर्म, लिंग, दिसणं, भाषा, आर्थिक परिस्थिती यांवरून दिलेला त्रासही रॅगिंगमध्ये धरला गेला. प्रत्येक फिशपाँड म्हणजे रॅगिंग, असं मी म्हणत नाही. पण "परंपरा आहे" एवढं म्हणून सुटता येत नाही.

आता तुमच्या हातातल्या फोनकडे या. आज बुटांचा खोका कुठे गेलाय? इन्स्टावरच्या कन्फेशन पेजवर. तिथेही निनावीच लिहितात. पण चाळणारं कोणी नाही. माइक हातात घेऊन उलट उत्तर द्यायची सोय नाही. आमची चिठ्ठी वाचून झाली की फाटायची. स्क्रीनशॉट कोण फाडणार?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. फिशपाँड ठेवा. छोट्या कॉलेजात मोठे सेलिब्रिटी येत नाहीत, मोठा फेस्ट होत नाही. वर्षातून एकदा सरांवर सगळ्यांसमोर हसता येतं, ही फार मोलाची गोष्ट आहे. पण चाळणी ठेवा. चाळणाऱ्यांत मुली असू द्या, हॉस्टेलची मुलं असू द्या, एसटीने येणारी असू द्या. ज्याच्यावर चिठ्ठी आहे त्याला माइक द्या. आणि तेवढा अर्धा तास रेकॉर्डिंग बंद.

कोणाला खरंच त्रास होत असेल तर यूजीसीची अँटी-रॅगिंग हेल्पलाइन आहे, १८००-१८०-५५२२. टोल फ्री आहे, चोवीस तास चालू असते. सेव्ह करून ठेवा. स्वतःसाठी नाही तर मित्रासाठी लागेल.

तुमच्या कॉलेजात याला काय म्हणतात, फिशपाँड की शेलापागोटे? आणि चिठ्ठ्या कोण चाळतं? मिनिटभराची व्हॉइस नोट पाठवा. चांगले फिशपाँड असतील तर तेही पाठवा, पण आधी ज्याच्यावर आहे त्याला विचारून!

भेटू पुढच्या भागात.