नव्या घराची वीज आणि चूल

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला दरवर्षी बाहेरच्या विदुषी बोलवायच्या, ही आपली रीत. यंदा चिटणीसबाईंनी मलाच उभे केले. मी काही व्याख्याती नव्हे. पण आपल्या मंडळातल्या कितीतरी मुली-सुना यंदा-पुढच्या साली बेसा, मनीषनगर, वाठोडा अशा भागांत आपले पहिले घर घेणार आहेत. त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगाव्यात, एवढाच हेतू.

आरंभी माझीच एक चूक सांगते. माझ्या भाचीने तीन वर्षांपूर्वी जुना फ्लॅट विकत घेतला. घर बघायला मी बरोबर होते. मी पाण्याची टाकी बघितली, देव्हाऱ्याला पूर्वेची भिंत आहे ना ते बघितले, ओट्यावर उजेड पडतो का तेही बघितले. विजेचे बिल मात्र बघितले नाही! मे महिन्यात ती राहायला गेली आणि आठव्या दिवशी वीज तोडली. आधीच्या मालकाने कित्येक महिने बिल भरलेच नव्हते. नागपूरचा मे महिना, कडेवर नऊ महिन्यांचे मूल. चार रात्री ती माझ्याकडे होती. गृहकर्जाच्या हप्त्यानंतर जे काही शिल्लक होते, ते त्या थकबाकीत गेले. ती मला एका शब्दाने बोलली नाही. "मावशी, आपल्याला कुठं ठाऊक होतं?" एवढेच म्हणाली. ते मला अजून बोचते.

तर बायांनो, पहिली गोष्ट ही की, थकबाकी माणसाबरोबर जात नाही, ती घराबरोबर राहू शकते. आधीच्या मालकाची विजेची बाकी नव्या मालकाकडून मागता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानेही मे २०२३ मध्ये दिला आहे. म्हणून विसाराची रक्कम देण्याआधी शेवटचे बिल हातात घ्या. त्यावरची थकबाकीची ओळ वाचा. मागच्या महिन्यांचा वापरही तिथेच छापलेला असतो. त्यावरून घर उन्हाळ्यात किती वीज खाते ते कळते. मंजूर भार किती आहे तोही पाहा, नाहीतर नवे यंत्र आणाल आणि वायर गरम होईल. खरेदीखत झाल्यावर मीटर लगेच आपल्या नावावर करून घ्या. आधीच्या मालकाची जी सुरक्षा ठेव असेल, तिचा हिशेब त्यांच्याशी आधीच लेखी ठरवा.

आता कोणी विचारील, वीज कोणाकडून घ्यावी? माझी मुंबईची चुलतबहीण मोठ्या ऐटीने सांगते, "आम्ही कंपनी बदलली." खरे आहे. मुंबई उपनगरात २००९ पासून टाटा आणि तेव्हाची रिलायन्स यांच्यात ग्राहकाला निवड करता येऊ लागली. २०१८ मध्ये रिलायन्सचा तो धंदा अदानींकडे गेला. आपल्या नागपुरात मात्र घरगुती ग्राहकाला ती निवड नाही. एके काळी इथे नागपूर इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनी होती. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळ झाले आणि २००५ मध्ये त्याचे तुकडे होऊन वितरणाचे काम महावितरणकडे आले. मे २०११ पासून महाल, गांधीबाग आणि सिव्हिल लाइन्स या विभागांचे काम एका खाजगी फ्रँचाइझीकडे दिले होते, ते सप्टेंबर २०१९ मध्ये पुन्हा महावितरणने घेतले. पाटी बदलली, पण दर ठरवणारा राज्य वीज नियामक आयोग तोच राहिला. दाराशी आलेली तार एकच. मग निवड उरली कुठे?

उरली आहे, आणि ती पुष्कळशी आपल्याच हातात आहे. किती वीज घ्यायची ही पहिली निवड. हजार वॅटचे यंत्र एक तास चालले की एक युनिट होते, एवढे गणित आपल्याला पुरे. दोनशे वॅटचा कूलर रात्री आठ तास चालला तर दीड युनिटाच्या थोडे वर. दीड हजार वॅटचे वातानुकूलन यंत्र अखंड चालले तर बारा युनिटे. ते थांबत थांबत चालते म्हणून प्रत्यक्षात कमी, पण कूलरच्या कितीतरी पट. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांनी आपल्या आज्यांना गार झोप दिली, ती काही उगीच नाही. कूलर मे-जूनपर्यंत छान काम देतो, पावसाळी दमट हवेत देत नाही. यंत्र घ्यायचेच असेल तर तारे मोजून घ्या, दुकानदाराच्या गोड बोलण्यावर जाऊ नका.

बिलाच्या टप्प्यांविषयी एक गैरसमज फार आहे. शंभर युनिटांच्या वर गेले की सगळीच वीज महाग होते, असे पुष्कळजणींना वाटते. तसे नाही. एकशेवीस युनिटे झाली तर पहिली शंभर स्वस्त दरानेच धरतात, वरची वीस तेवढी महाग. पण तीनशेच्या, पाचशेच्या वरचा दर चांगलाच चावतो, म्हणून बचत करायची ती वरच्या युनिटांची. बिल अवाच्या सवा वाटले तर पाटावर बसून रडू नका. मीटर तपासून मागा, तक्रार लेखी द्या, पोच घ्या. तिथे न्याय मिळाला नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल आहेत, आणि त्यांचे कार्यालय नागपुरातही आहे.

दुसरी निवड सूर्याची. कोराडीची धुराडी १९७० च्या दशकापासून आपण पाहतो आहोत, त्यांची राखही आपल्याच वाळवणांवर पडली. आता गच्चीवर वीज होऊ लागली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, आणि तीन किंवा अधिकाला ७८ हजार रुपये अनुदान ठरले. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट उन्हाची जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिटे मिळतात. इथे मात्र पुरवठादार आपणच निवडायचा असतो, आणि फसगत होते ती इथेच. सरकारी संकेतस्थळाच्या यादीतलाच माणूस घ्या. तीन जणांकडून लेखी भाव मागवा. त्याने दोन वर्षांपूर्वी बसवलेले काम ज्या घरी आहे तिथल्या बाईला जाऊन विचारा, "बिघडल्यावर येतो का हो?" शेजारची इमारत उद्या वर चढली तर सावली पडेल का, तेही आजच बघा. फ्लॅटमध्ये राहत असाल तर गच्ची सगळ्यांची असते. सोसायटीला जिन्यातले दिवे, पंप आणि लिफ्ट यांसाठी किलोवॅटमागे १८ हजारांचे वेगळे अनुदान आहे. सभेत हा विषय आपण बायकांनीच काढावा.

आता चुलीकडे वळते. १९७२ मध्ये मी महालातल्या वाड्यात सून म्हणून आले तेव्हा वखारीतला लाकूडफाटा आणि मातीच्या तेलाचा स्टोव्ह होता. गॅससाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट बघावी लागे. पहिला सिलिंडर आला तेव्हा सासूबाईंनी त्याला हळदकुंकू लावले होते! आज गॅस मागितला की मिळतो. सरकारी तेल कंपन्यांमध्ये दरासाठी निवड करण्यासारखे फार काही नाही. निवडायची ती घराजवळची, वेळेवर आणून देणारी एजन्सी. तिची सेवा बरी नसेल तर त्याच कंपनीची दुसरी एजन्सी घेता येते. सिलिंडर दारात आला की वजन करून मागा. रिकाम्याचे वजन त्यावर कोरलेले असते, त्यात १४.२ किलो मिळवा. वरच्या पट्टीवर इंग्रजी अक्षर आणि साल असते. 'ए' म्हणजे मार्चअखेर, 'बी' जूनअखेर, 'सी' सप्टेंबरअखेर, 'डी' डिसेंबरअखेर. ती तपासणीची मुदत टळून गेली असेल तर सिलिंडर परत करा. नळी पाच वर्षांनी बदला. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो. वास आला तर दिव्याचे बटण चालू किंवा बंद, काहीच करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ ला फोन करा.

शेवटची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. घर दोघांचे असेल तर विजेचे किंवा गॅसचे, एक तरी खाते बाईच्या नावाने असू द्या. बिल आपल्या नावाने आले की आपण ते वाचतो, आणि वाचले की प्रश्न विचारतो. माझी भाची आता मीटरचा आकडा दर एक तारखेला दिनदर्शिकेवर लिहिते. परवा तिची शेजारीण घर बघायला निघाली, तर ही तिला म्हणाली, "थांबा, मी येते बरोबर. आधी बिल बघू." ते ऐकून माझ्या मनावरचे निम्मे ओझे उतरले. उरलेले आज तुम्हाला सांगून उतरवले आहे.

तुमच्या नव्या घरांत दिवा अखंड राहो, एवढे मागते आणि आपली रजा घेते.