बाराच्या ठोक्याला उडी

आज जरा फिलिपिन्सला जाऊ. आमच्या टीममध्ये मनिलाची एक कॉलेजची मुलगी ऑनलाइन इंटर्नशिप करते. तिच्याकडे 31 डिसेंबरला ठिपक्यांचे कपडे घालतात, टेबलावर 12 गोल फळं मांडतात, महिन्याला एक. गोल म्हणजे नाणं! चिकन मात्र बरेच जण टाळतात. कोंबडीसारखं उकरून उकरून पोट भरायची वेळ नको. आणि बारा वाजले की पोरं उड्या मारतात, उंची वाढावी म्हणून.

तिची अकरावी-बारावी कोविडमध्ये गेली. तिथले वर्ग मार्च 2020 पासून जवळपास दोन वर्षं बंदच होते. घरी नेट नाही, म्हणून आई शाळेतून छापील मॉड्यूल्स आणायची, ही एकटीच सोडवायची. मार्क छान पडले. कॉलेजात पहिल्याच वर्षी गणितात नापास! मग हिने सरळ दहावीपासून परत सुरू केलं. मला तर हे लय भारी वाटलं.

यंदा उडी मारलीस का, विचारलं. म्हणाली, "मारली ना, धाकट्या भावाचा हात धरून. त्याची दुसरी-तिसरी मॉड्यूलवरच गेली. आता सातवीत आहे, रोज रात्री त्याचे अपूर्णांक घेते."