उन्हाचा कर आणि शमीचें रोप



दिलेल्या द्रव्याचा हिशेब विचारण्याचा आपणांस अधिकार आहे. आज आम्ही पैशाआधीं पाण्याचा हिशेब सादर करितों. कारण थरच्या वाळवंटांत लाविलेलीं झाडें जगतील कीं नाहीं, हें त्यावरच ठरतें.

जैसलमेराकडे वर्षाकाठीं २०० मिलिमीटरांहूनही कमी पाऊस पडतो; उलट तेथील ऊन व वारा मिळून वर्षांत सुमारें २,००० मिलिमीटर पाणी उडवूं शकतात. १९८७ सालीं मुख्य कालव्याच्या शेवटापर्यंत पाणी पोंचलें. परंतु पाणी आलें म्हणजे तें झाडास मिळालें, असें नव्हे. आळें भिजविल्यावर ओल्या पृष्ठभागावरून पाणी प्रथम भराभर उडतें. वरचा थर सुकला कीं वेग मंदावतो. रोज थोडें थोडें शिंपडलें, तर तोच पहिला वेग पुनःपुन्हां सुरू होतो. एक हेक्टरावरून एक सेंटिमीटर ओल उडाली, तर एक लक्ष लिटर पाणी गेलें! शिवाय पाणी जातें, क्षार मात्र वर सांचून राहतात.

उपाय महागडे नाहींत. रोपाजवळ मातीचा घडा पुरून भरावा. पाणी पाझरून मुळांशींच जातें. आळ्यावर पालापाचोळा घालावा; वाळवीचा उपद्रव असेल तेथें गोटे पसरावे. पाणी सायंकाळीं, खोल व अंतरानें द्यावें.

तेथील खेजडी म्हणजे आपण दसऱ्यास पूजितों ती शमी. १८६८-६९ च्या दुष्काळांत राजपुतान्यांतील पुष्कळांनीं तिच्या सालीचें पीठ खाऊन प्राण वांचविले. तिच्या शेंगा माणसांस, पाला जनावरांस उपयोगीं पडतो. मूळ एकदां खोल गेलें कीं तिला आपल्या घड्याची गरज उरत नाहीं. तोंवरचे उन्हाळे मात्र आपण सांभाळले पाहिजेत.

येथें आमची चूक कबूल करणें प्राप्त आहे. मागें आम्ही लाविलेलीं रोपें मोजलीं. जगलेलीं मोजलीं नाहींत. रोपांस दाते मिळतात, घड्यांस व राखणदारांस मिळत नाहींत. व्यापारी बंधूंनीं सांगावें, मुद्दल बुडवून व्याज कोणास मिळालें आहे? जमीनदार बंधूंस तर पेरणीमागून राखण येते, हें सांगणें नलगे.

म्हणून शंभर रोपांचे पैसे देण्याऐवजीं पंचवीसांचेच द्या; पण घडा, आच्छादन आणि तीन उन्हाळ्यांची राखण यांसह द्या. पुढील अहवालांत आम्ही जगलेल्या झाडांचीच संख्या छापूं.