न छापली जाणारी यादी

दिल्लीत लोदी रोडवर मौसम भवन आहे, १८७५ साली स्थापन झालेल्या भारतीय हवामानशास्त्र विभागाचं मुख्यालय. अंदाज चुकला की आपण सगळे, अगदी मीसुद्धा, या खात्यावर विनोद करतो. पण हे बघा. ऑक्टोबर १९९९ मध्ये ओडिशात महाचक्रीवादळ आलं. सुमारे १०,००० माणसं गेली. ऑक्टोबर २०१३ मध्ये तिथेच ‘फायलिन’ धडकलं. तेवढं मोठं नव्हतं, तरी भीषणच. या वेळी इशारा काही दिवस आधीच मिळाला होता. सरकारी कर्मचारी गावोगाव फिरले, जवळपास १० लाख लोकांना सुरक्षित जागी हलवलं. मृत्यू पन्नासच्या आसपास. गेलेल्यांची यादी छापून येते, वाचलेल्यांची कुठेच नाही. म्हणून अंदाज चुकला तर जरूर बोला. बरोबर आला, तेव्हाही बोला.