जबलपूरच्या नावाचा निकाल

साथींनो, कायद्याच्या पुस्तकांत आपल्या शहराचे नाव एका लांच्छनास्पद निकालाशी जोडलेले आहे : ‘अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल’. वास्तविक येथील उच्च न्यायालयाने ‘मिसा’खालील स्थानबद्धांचा दाद मागण्याचा हक्क मान्य केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी तो चार विरुद्ध एक मतांनी नाकारला. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात उभे राहिले. बहुमतात आपले पुण्याचे चंद्रचूडही होते, हे मराठी माणसाने विसरू नये.

हा केवळ वकिलांचा प्रश्न होता काय? वाढीव महागाई भत्त्याचा अर्धा भाग १९७४ पासूनच सक्तीच्या ठेवीत अडकवला गेला होता. आणीबाणीत, १९७५ साली, किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला गेला. याविरुद्ध सभा घ्यावी तर विनाचौकशी तुरुंग, आणि तुरुंगाविरुद्ध दाद मागावी तर न्यायालयाचे दार बंद!

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने जीविताच्या हक्काला आणीबाणीतही संरक्षण दिले. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल चुकीचा ठरवला; तसे लिहिणाऱ्यांत चंद्रचूडांचे चिरंजीवही होते. परंतु ‘मिसा’ जनता राजवटीत रद्द होतो न होतो तोच, १९८० साली राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला. विनाचौकशी स्थानबद्ध करणारा तो कायदा आजही लागू आहे.