एवढ्याशाने काय होतंय?



मी बालरोगतज्ज्ञ आहे. आज मी तुमच्याशी पोळीबद्दल बोलणार आहे.

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक मळल्यावर तिला जो चिवटपणा येतो, तो याच ग्लुटेनमुळे. काही माणसांच्या शरीराला ते चालत नाही. त्यांची प्रतिकारशक्ती उलटून स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते आणि अन्नरस शोषणारे तिथले बारीक अंकुर झडतात. या आजाराचं नाव सिलियाक. जगात साधारण शंभरात एकाला तो असतो आणि बहुतेकांना त्याचा पत्ताच नसतो. कुणाला जुलाब होतात, कुणाचं पोट फुगतं. कुणाची पोटाची काहीच तक्रार नसते, पण उंची खुंटते किंवा लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही.

या आजाराचा गव्हाशी असलेला संबंध ओळखणारे विलेम-कारेल डिके हे हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ होते. 1944-45 च्या युद्धकाळातल्या हिवाळ्यात तिथे पाव मिळेनासा झाला. देश उपाशी होता, आणि डिकेंकडची सिलियाकची मुलं मात्र सुधारत होती. पाव परत आला तशी ती पुन्हा खंगू लागली. गव्हावरचा आपला संशय डिकेंनी 1950 साली प्रबंधात मांडला. आजही यावर गोळी नाही. ग्लुटेन जन्मभर बंद, एवढाच उपचार.

म्हणजे अशा मुलाचं औषध घरातल्या प्रत्येकाच्या हातात आहे. माझ्याकडची मुलं पुन्हा आजारी पडतात ती बहुतेक वेळा मायेपोटी. आजी पुरणपोळीचा तुकडा भरवते. काकू प्रसादाचा शिरा हातावर ठेवते आणि म्हणते, “एवढ्याशाने काय होतंय?” होतं, काकू. ग्लुटेनमुक्त म्हणून विकायच्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसावं, असा आपल्या देशातला नियम आहे. त्या हिशेबात शिऱ्याचा एक घास फार मोठा ठरतो. गिरणीत गव्हावर दळलेली ज्वारी चालत नाही, गहू घातलेली भाजणी चालत नाही. डबीतल्या हिंगात बहुधा मैदा किंवा कणीक मिसळलेली असते, त्यामुळे साध्या वरणाची फोडणीसुद्धा बाधू शकते.

एका घरात मुलीसाठी वेगळी भाकरी व्हायची आणि ती एकटीच बाजूला बसून जेवायची. ती जेवण टाळू लागली. मग आजोबांनी ठरवलं, रात्री सगळ्यांनीच भाकरी खायची. गिरणीची अडचण होती, म्हणून घरघंटी आली आणि तिच्यात गहू कधीच पडला नाही. पुढे त्या मुलीचं वजन वाढलंच, शिवाय ती जेवताना बोलायला लागली. मला या दुसऱ्या गोष्टीचा जास्त आनंद झाला. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा हे सगळं आपल्याच घरात आहे. महागड्या पाकिटांवाचून आपलं अडत नाही.

वजन उतरवायला गहू सोडण्याची हल्ली टूम निघाली आहे. तिचा मला राग येतो, कारण तिच्यामुळे खरोखर आजारी असलेल्या मुलाचं पथ्यही लोकांना नखरा वाटतं.

शाळेच्या मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे, प्रवेश अर्जात पथ्याची एक ओळ घाला आणि सहलीच्या जेवणाआधी ती वाचा. मुलांनो, मित्र केक नको म्हणाला तर त्याला चिडवू नका, आग्रहही करू नका. आणि पालकहो, शंका आली तर रक्ताची तपासणी करा, पण अहवाल येईपर्यंत पोळी बंद करू नका, नाहीतर तपासणीत आजार निसटू शकतो. घरात एका मुलाला सिलियाक निघाला, तर त्याच्या भावंडांची आणि तुमची स्वतःचीही तपासणी करून घ्या.